माझ्या कडेखालची डमरूवाली

मी एक जुनं, एका कोपऱ्याला फुटलेलं कॅरेट हाय, मित्रांनो. तेच ते, प्लास्टिकचं, जाळीदार, टोमॅटो भरायचं. बाजारात तुम्ही मला शंभरदा बघितलं असंल, पण नाव कधी विचारलं नसंल. माझ्या अंगावर पिवळ्या ऑइल पेंटनं वाकडंतिकडं लिहिलंय, 'खंडेराव'. ते नाव मालकाचं हाय, पण अकरा वर्षं अंगावर वागवल्यावर मी ते माझंच धरतो.

आज मला तुम्हाला जे सांगायचंय त्याची मला एवढी घाई झालीय, की जन्माची गोष्ट दोन घासात उरकतो. नाशकातल्या एका कारखान्यात प्लास्टिकचा दाणा वितळला, साच्यात गेला, अन् एका दणक्यात मी बाहेर पडलो. निळाशार! माझ्यासारखे दोनशे भाऊ एकावर एक रचून पिंपळगाव बसवंतजवळच्या एका मळ्यात उतरले. तिथं नवसाबाई उभी होती. खंडेरावची बायको. बारीक अंगाची, पण आवाज असा की मोटरीच्या खोलीतून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबावा. तिनं मला उचललं, कडेवरून बोटं फिरवली अन् म्हणाली, "कड गोल हाय. हाताला काचायचं नाय."

ही माझी पयली शाबासकी. आजबी आठवली की माझा फुटका कोपरा ताठ होतो.

मग काय, काम! द्राक्षाच्या दिवसात पोटात कागद अंथरून घड झोपवायचे, टोमॅटोच्या दिवसात वीस किलो माल पोटात घेऊन मार्केटला जायचं. दुपारी खंडेराव मला पालथं घालून माझ्यावर बसायचा अन् चहा प्यायचा. पोरं आली की मला उभं करून स्टंप करायची. एकदा टेंपोचं चाक माझ्या कोपऱ्यावरून गेलं. खंडेराव म्हणाला, "फेका हे." नवसाबाईनं द्राक्षाच्या मांडवाची तार घेतली अन् मला टाका घातला. "माणसाचं हाड मोडलं तर माणूस फेकता का?" असं विचारलं तिनं. 

पण नवी कॅरेटं आली की जुन्याची गत तुम्हाला ठाव हाय. मोटरीच्या खोलीमागं पत्र्याखाली आमची थप्पी लागली. पाणी साचू नये म्हणून आमच्याकडं रिकामी कॅरेटं पालथी रचतात. मी सगळ्यात खाली, तोंड मातीला. मार्च गेला, पावसाळा आला, कुणी हात लावला नाय. लय एकटं वाटायचं, मित्रांनो. मुंगी गेली तरी मी तिला थांबवून बोलावं असं वाटायचं.

अन् अशात ती आली.

हरभऱ्याच्या दाण्याएवढी. वाळल्या पाचोळ्यासारखा तपकिरी रंग, पाठीवर फिकट नक्षी, लांब पायांवर गडद पट्टे, जशा बांगड्याच भरल्यात. मी मनात तिला कोळीणबाई म्हणू लागलो. माझ्या कडेच्या खालच्या अंगाला एक खोबण हाय, अंधारी, कोरडी. तिथं तिनं बिऱ्हाड केलं. तुम्ही म्हणाल, छान चाकासारखं जाळं विणलं असंल. छे! गुंता नुसता! आजीच्या दोऱ्याची गुंडी मांजरानं खेळून सोडावी तसा. पण धागा असा चिवट, की एकदा एक मोठा भुंगेरा अडकला तर त्याच्या धडपडीनं चर्रचर्र आवाज यायचा, पण सुटला नाय तो.

दिवसा ती खोबणीत दबून बसायची. अंधार पडला की खाली यायची अन् जाळ्यात उलटी लटकायची, पोट आभाळाकडं. तेव्हा मी बघितलं. तिच्या पोटावर केशरी-लाल डमरू! खरंच, शंकराच्या हातातला असतो तसा, दोन टोकं रुंद अन् मधी बारीक. मी तर खूश. माझ्या घरी डमरूवाली! पुढं तिनं चार अंड्यांच्या गोळ्या टांगल्या. पिवळसर, गोल, अन् अंगभर काटे. रानातला गोखरू असतो ना, पायात रुततो तो? हुबेहूब तसल्या.

लाजरी अशी, की वाऱ्यानं पत्रा वाजला तरी पाय आवळून खाली पडायची, मेल्याचं सोंग करायची, अन् घटकाभरानं धाग्यावरून परत वर. ही कुणाला चावंल असं माझ्या स्वप्नातबी नव्हतं.

पण झालं, मित्रांनो. अन् माझ्याच कडेखाली झालं.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. सून शुभांगीच्या माहेरी, गिरणाऱ्याकडं, टोमॅटो तोडीला आला होता. त्यांना शंभर कॅरेटं कमी पडत होती. आमच्याकडं सोयऱ्याधायऱ्यात कॅरेटं देण्याघेण्याची रीत हाय. खंडेराव सकाळपासून कुरकुरत होता.

"सुनेच्या माहेरी जाताना शंभर जातात, येताना ऐंशी येतात. वीस काय तिकडं नांदायला राहतात?"

"नांदू द्या की," नवसाबाई म्हणाली. "तुमची बहीण दोन वर्षं आपली ताडपत्री नांदवतीय, तिला विचारलं का कधी?"

शुभांगी तोंड फिरवून हसत होती. तिची बारावी झालेली, सायन्सची. मुलगा कुंदन बागेत होता. नवसाबाई स्वतः थप्पी उतरवायला लागली. वरची नवी गेली, मधली गेली, शेवटी मी उरलो. तिनं वाकून माझ्या कडेखाली बोटं घातली, खोबणीत, अन् उचललं.

कोळीणबाई बोटाखाली चेपली.

"स्स!" नवसाबाईनं मला टाकलं. "काटा गेला मेला." बोट तोंडात घालून चोखलं, पदराला पुसलं, अन् दुसरी थप्पी उतरवायला गेली. मी कुशीवर पडलेलो. कोळीणबाई मातीत पाय आवळून पडली होती. थोड्या वेळानं उठली, धागा धरून माझ्या खोबणीत परत.

मी म्हणालो, संपलं. कुठलं संपायला!

तासाभरानं नवसाबाई पाण्याच्या ड्रमला टेकून खाली बसली. हात दुखतोय म्हणाली. मग खांदा. मग पोट. पोटात असा पीळ पडला, की तो मळा हलवणारा आवाज नुसता कण्हायला लागला. कुंदन धावत आला, शेजाऱ्याची गाडी आणली. खंडेराव आधी आत बसायला गेला, तर तेवढ्या कळांतबी तिनं त्याला हातानं अडवलं.

"तुम्ही नका येऊ. तुम्ही डॉक्टरशी भांडता. फकिरा टेंपो घेऊन येईल, त्याला कॅरेटं द्या. शब्द दिलाय मी."

गाडी गेली. खंडेराव धुळीकडं बघत उभा. 

पाऊण तासानं पिंपळगावच्या दवाखान्यातून फोन आला. शुभांगीनं स्पीकर लावून फोन ड्रमवर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पयला कुंदनचा आवाज, रडवा. "नाना, आईचं पोट पाटासारखं कडक झालंय. नाशिकला न्यायचं म्हणतात. ऑपरेशन..." मग दुसरा आवाज, ठाम.

"मी डॉक्टर स्नेहा बोलतेय. आईंना आज काही चावलं का?"

"चावलं तर नाय, मॅडम," शुभांगी म्हणाली. मग थबकली. "बोटाला काटा गेला म्हणत होत्या. कॅरेटं उचलताना."

"कुठलं बोट?"

"उजव्या हाताचं. मधलं."

 "ऐका. यांचा तोच एक हात घामानं निथळतोय, दुसरा कोरडा आहे. मला कोळ्याची शंका येतेय. एक जात आहे, तिच्या विषानं पोट असं लाकूड होतं. तसं असेल तर पोट उघडायचं नाही, औषधानं उतरतं. पण पोटात खरंच काही फुटलं असेल, तर उघडायला उशीर करून चालणार नाही. नाशिकची गाडी यायला पाऊण तास आहे. तेवढ्यात मला सांगा, काय होतं त्या कॅरेटाखाली."

"शोधतो, मॅडम."

"हात घालू नका कुठे. आणि ठेचू नका. ठेचलेला कोळी म्हणजे नुसता डाग. डागावरून मी काय ओळखणार?"

मित्रांनो, मला त्या वेळी तोंड असतं ना! मी पाच हातांवर पडलो होतो. उत्तर माझ्या कडेखाली पाय आवळून बसलं होतं. अन् मी? जाळीला शेकडो भोकं, पण बोलायला एक नाय!

खंडेराव दांडकं घेऊन आला. "कोळ्यानं कधी माणूस आडवा होतो व्हय?" असं म्हणत म्हणत थप्प्या पाडायला लागला. एक, दोन, पाच. एका कॅरेटातून हाताच्या पंज्याएवढा चपटा कोळी पळाला. खंडेरावनं त्याच्यावर घमेलं उपडं केलं अन् वर दगड ठेवला.

"घावला! केवढा हाय बघ! हाच चोर!"

शुभांगीनं घमेल्याच्या फटीतून फोटो काढला. जरा रेंज होती तोवर गेला. मॅडमचा फोन लगेच.

"अहो, तो बिचारा झुरळं खातो. तुमच्या घराच्या भिंतीवरही असेल. सोडा त्याला. मला हवा तो लहान असेल. पोटावर लाल खूण बघा."

शुभांगीनं मोबाइलवर शोधलं. चित्र आलं ते काळ्या कुळकुळीत कोळ्याचं, लाल खुणेचं. दोघं मग काळाच कोळी शोधायला लागले. इथंच चूक झाली! शुभांगी माझ्याजवळ आली. वाकली. माझ्या कडेतून दोन पट्टेदार पाय बाहेर आले होते. तिनं बघितलंबी!

"नाना, इथं एक हाय, पण तपकिरी हाय. पाठीवर लाल काय नाय."

"मग सोड ते! काळा बघ, काळा!"

अगं पोट बघ, पोट! मी ओरडत होतो. पाठ काय बघतीस? पण ती पुढं गेली.

अर्धा वेळ गेला. खंडेरावचा धीर सुटला. औषध फवारायचा पंप ओढत आणला त्यानं. "सगळ्या कॅरेटांवर मारतो. जे असंल ते मरंल."

शुभांगी पंपाच्या नळीपुढं उभी राहिली. एवढ्या वर्षांत सासऱ्यापुढं ती अशी उभी राहिलेली मी कधी बघितली नव्हती.

"नाना, ते मेलं तर वाहून जाईल, सुकून जाईल. मग मॅडमला काय दाखवायचं?"

"माझी बाई तिकडं तडफडतीय अन् तू मला किडे वाचवायला सांगतीस?"

"किडा नाय वाचवत!" तिनं नळी हातानं धरली. "आई माझ्या माहेरासाठी वाकल्या होत्या त्या कॅरेटापाशी. त्यांच्या पोटावर सुरी चालली अन् नंतर कळलं की नको होती, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

खंडेरावनं नळी खाली टाकली.

तेवढ्यात भोंगा वाजला. फकिराचा टेंपो. फकिरा म्हणजे उंच, पान खाणारा, टेंपोवर नवरदेवासारखी फुलं बांधणारा गडी. त्याला बिचाऱ्याला काय ठाव? उतरला अन् सरळ कॅरेटांकडं.

"राम राम नाना! ही मांडामांड कसली? अन् हे फुटकं कशाला मोजता?" असं म्हणून त्यानं मला पायानं उडवलं.

आयुष्यात मला लय लाथा बसल्या, पण एवढी गुणी लाथ कुठलीच नाय! मी दोन कोलांट्या घेतल्या अन् ड्रमाला टेकून उभा राहिलो. कडेचा खालचा भाग थेट शुभांगीच्या तोंडापुढं.

"फकिराभाऊ, हलू नका," ती एकदम म्हणाली. "हे गोखरू इथं कसे?"

"गोखरू कुठंबी असतात, वहिनी. चपलेला बघा माझ्या."

"चपलेला असतात. हवेत लटकत नसतात."

ती गुडघ्यावर बसली. हात मागं बांधले, मॅडमनं सांगितलं तसे. गुंता बघितला. चार काटेरी गोळ्या बघितल्या. फोन लावला, "मॅडम, कोळी तपकिरी हाय, पण त्याच्याजवळ गोखरूसारख्या काटेरी गोळ्या टांगल्यात. चार."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काटेरी? नक्की? अगं, तीच असेल! तिची अंडी तशीच असतात. ही जात काळी नसते, तपकिरीच असते. पाठ बघू नका, पोट दाखवा मला तिचं!"

आता पोट कसं दाखवायचं? ती तर दडलेली. शुभांगीनं गवताची एक लांब काडी उपटली अन् जाळ्याच्या टोकाला हळूच टेकवून थरथरवली. जशी एखादी माशी अडकलीय.  फकिराच्या तोंडातलं पान थांबलं. मी, मित्रांनो, जागच्या जागी नुसता थरथरत होतो.

एक पाय आला. दुसरा आला. अन् मग माझी कोळीणबाई झपकन बाहेर आली, सवयीनं उलटी लटकली, पोट वर.

"डमरू!" शुभांगी किंचाळली. "नाना, डमरू! लाल डमरू!"

फकिरा उडी मारून टेंपोच्या पायरीवर चढला. खंडेराव मात्र पुढं सरकला, डोळे बारीक केले अन् कितीतरी वेळ बघत राहिला. "एवढीशी?" असं पुटपुटला. "एवढीशी?"

शुभांगीनं फोटो काढला. घाईत फोटो हलला. दुसरा काढला, तर जाईचना. स्क्रीनवर गोल फिरतंय, फिरतंय. रेंज गेली होती.

"वहिनी, फोटो कशाला पाठवता?" फकिरा पायरीवरून म्हणाला. "गाडी उभी हाय की. ह्या डमरूवाल्या बाईलाच नेऊ."

अन् असा मी दवाखान्यात निघालो! बागेची हिरवी शेडनेट माझ्याभोवती गुंडाळली, वर गाठ मारली. रुखवतातल्या ताटासारखा मी रिकाम्या टेंपोत मधोमध बसलो. शुभांगी पुढं फकिराजवळ. मागं, माझ्यासमोर, खंडेराव. मला सांभाळायला. फकिरानं टेंपो असा हाणला, की हायवेवरचे कांद्याचे ट्रक मागं पडत गेले अन् माझी तार खळाखळा वाजायला लागली.

खंडेराव शेडनेटमधून आत बघत होता. मग हळूच बोलायला लागला. कुणाशी? कोळीणबाईशी!

"हे बघ, बाई. मी तुला काय बोलणार नाय. पण तू तीच निघ. इखारी निघ. माझ्या मालकिणीचं पोट फाडू देऊ नको. एवढी एकच मेहेरबानी कर."

जन्मात मी असा नवस ऐकला नव्हता. माणसं देवाला म्हणतात इखारापासून वाचव. हा इखारच मागत होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं असतं, मला डोळे असते तर.

दवाखान्याच्या दारात नाशिकची गाडी लागलेली. मागचं दार उघडं. नवसाबाई स्ट्रेचरवर, तोंड पांढरं, घामानं केस चिकटलेले. कुंदननं तिचा हात धरलेला. शुभांगीनं मला उचललं अन् पळत सुटली. लोक बाजूला झाले. एकजण म्हणाला, "दवाखान्यात कॅरेट कशाला? टोमॅटो आणले का?"

डॉक्टर स्नेहा पायरीवरच उकिडव्या बसल्या. तरुण बाई, चष्मा कपाळावर. बॅटरी मारली माझ्या कडेखाली. मीबी जमेल तेवढी कड वर धरली. त्यांनी पायांवरचे पट्टे बघितले. अंडी मोजली. काडीनं जाळ्याचा एक धागा तोडला, तर तो चर्र वाजला, तशा त्या गालात हसल्या. मग पोट बघितलं.

"तीच," त्या उठल्या. "गाडी थांबवा."

"मॅडम," खंडेराव पुढं आला, "इखारीच हाय ना? नक्की?"

"नक्की विषारी आहे, काका."

"देव पावला!" खंडेराव एवढ्यानं ओरडला, की दारातली सगळी माणसं त्याच्याकडं बघायला लागली. बायकोला विषारी कोळी चावला म्हणून नाचणारा नवरा त्यांनी पयल्यांदाच बघितला असंल.

मॅडमनी आत नेऊन औषधं सुरू केली. नाशिकच्या सर्जनला फोन करून सगळं सांगितलं, ते म्हणाले, रात्रभर लक्ष ठेवा. मी व्हरांड्यात बाकाखाली होतो. दिवस मावळायला आला तेव्हा आतून हाक ऐकू आली, "अवो, कॅरेटं दिली का फकिराला?" तोच आवाज. मळा हलवणारा. मी मनात टाळ्या पिटल्या.

मॅडम बाहेर येऊन सगळ्यांना समजावत होत्या, ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. "हिच्या चाव्यानं बहुतेकांना नुसतं दुखतं. क्वचित एखाद्याला, बारीक अंगाच्या, वय झालेल्या माणसाला असं घेरतं. तुम्ही आधी आईंना इथं आणलंत अन् मग शोधलंत, ते बरं केलंत. कोळी सापडला नसता तरी मी इलाज थांबवला नसता, पण अंधारात चाचपडले असते. ही काही मागं लागून चावत नाही. तिला दगडाखाली, झाडाच्या ढोलीत, कोरड्या आडोशाला राहायला आवडतं. आपण तिला नवे दगड दिलेत. कॅरेटाची कड, प्लास्टिकच्या खुर्चीचं बूड, कोपऱ्यातले गमबूट, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या. महिनोन्महिने हात लावला नाही, की तिला वाटतं घर रिकामं आहे."

"नाव काय म्हणायचं हिचं?" नवसाबाईनं आतून विचारलं.

"इंग्रजीत हिच्या जातीला विधवा म्हणतात, काकू. कधीकधी ही आपल्या नवऱ्यालाच खाते म्हणून."

 मग नवसाबाई म्हणाली, "अवो, ऐकलं का? तिचं इख आता माझ्या अंगात हाय. वीस कॅरेटांवरून परत बोलाल तर बघा."

कुंदन हसला, शुभांगी हसली, मॅडमला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. खंडेराव हसला नाय. तो खाटेजवळ गेला अन् म्हणाला, "शंभर काय, दोनशे दे."

खंडेरावनं चप्पल हातात घेतली होती म्हणे, कोळीणबाईसाठी. मॅडमनी अडवलं. काचेच्या बरणीला भोकाचं झाकण लावून ती अन् तिच्या चारी गोखरू-गोळ्या नाशिकच्या एका कॉलेजात पाठवल्या. तिथं पोरं भिंगातून तिचा डमरू बघतात म्हणे. माझ्या कडेखाली शेकडो पिल्लं फुटली असती, तर उद्या आणखी कुणाचं बोट गेलं असतं, हे मला कळतं. तरी ती गेली तेव्हा माझी खोबण लय रिकामी वाटली. एकट्या म्हाताऱ्याच्या घरातून बोलणारं माणूस गेल्यासारखी.

मित्रांनो, मी काय शिकलेला नाय. पण माझं एवढं ऐका. आम्हाला वर्षभर कोपऱ्यात टाकून विसरू नका. टाकलं, तर हात घालायच्या आधी उलटं करून आपटा, काठीनं साफ करा. अन् आत कुणी दिसलं तर चपलेच्या आधी डोळे वापरा. खंडेराव घाईत फवारणार होता, ते फवारलं असतं, तर नवसाबाईला काय झालंय हे कुणालाच कळलं नसतं.

तीन आठवड्यांनी नवसाबाई परत थप्पीपाशी आली. मला गिरणाऱ्याला पाठवलंच नव्हतं. सगळे लांबून बघत होते. ती माझ्यासमोर उभी राहिली, हात पुढं केला अन् मागं घेतला.  अकरा वर्षं ज्या हातानं मला बिनधोक उचललं, तो हात माझ्यापाशी येऊन थांबला. मित्रांनो, माझा कोपरा फुटला तेव्हाबी मला असं दुखलं नव्हतं.

मग तिनं काय केलं ठाव हाय? वाकली, अन् माझ्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, शेजारणीच्या दारावर करतात तसं.

"हाय का कुणी घरात?"

थांबली. खरंच थांबली, उत्तराची वाट बघत. मग मला काठीनं उलटं केलं, खोबण नीट बघितली, अन् दोन्ही हातांनी उचलून कंबरेवर घेतलं.

कुणी नाय, माये. मी एकटाच हाय. चल कामाला.